गाळाचा हिशेब : सोसायटीच्या एसटीपीपासून बागेतल्या खतापर्यंत

आमच्या सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एसटीपीच्या, नोंदवहीत किती पाणी आले, टाकीत हवा सोडणारा ब्लोअर किती तास चालला, क्लोरीन किती घातले आणि वीज किती लागली हे सगळे नेमाने लिहिलेले असे. ‘स्लज’, म्हणजे गाळ, या मथळ्याखालचा रकाना मात्र पानामागून पाने कोरा होता. व्यवस्थापन समितीत पाणी आणि एसटीपी हे काम माझ्याकडे आले, तेव्हा देखभालीचे कंत्राट असलेल्या संस्थेच्या पर्यवेक्षकाला मी या कोऱ्या रकान्याविषयी विचारले. ‘सर, आपला प्लँट इतका चांगला चालतो, की गाळ निघतच नाही,’ असे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. समितीतल्या बहुतेकांना हे उत्तर पटण्यासारखे वाटले, कारण ज्या वस्तूची विल्हेवाट लावायची तीच तयार होत नसेल तर त्याहून बरे काय! मी पूर्वी एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाणी विभागात नोकरी केलेली असल्याने मला मात्र ते उत्तर अशक्य वाटले.

अशक्य का, ते थोडे समजावून सांगितले पाहिजे. आमचा प्लँट सक्रिय गाळ पद्धतीचा, म्हणजे १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी जी पद्धत मांडली तिच्यावर आधारलेला आहे. टाकीत सतत हवा सोडायची, त्या हवेवर जगणाऱ्या जिवाणूंनी सांडपाण्यातील सेंद्रिय घाण खायची आणि मग स्थिर टाकीत हे जिवाणू तळाशी बसवून वरचे निवळ पाणी काढून घ्यायचे, एवढेच तिचे मूळ सूत्र आहे. जिवाणू जे खातात त्यातील काही भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो आणि उरलेल्या भागातून त्यांचीच नवी शरीरे बनतात. पाणी खरोखर शुद्ध होत असेल तर जिवाणूंची संख्या वाढणारच, आणि ही वाढ रोज थोडी थोडी बाहेर काढावीच लागते. गाळ न निघणारा प्लँट एक तर घाण खात नसतो, किंवा त्याचा गाळ आपल्याला न दिसणाऱ्या वाटेने जात असतो.

आमच्याकडे साधारण हजार माणसे राहतात. दरडोई १३५ लिटर या सर्वमान्य मानकाने पाण्याचा हिशेब केला आणि त्यातील चार-पंचमांश पाणी गटारात येते असे धरले, तर दिवसाला सुमारे १ लाख १० हजार लिटर सांडपाणी होते. घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातील घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, लिटरला २५० मिलिग्रॅम धरला, तर रोज साधारण २७ किलो बीओडी प्लँटमध्ये येतो आणि त्यापासून कोरडा धरून १२ ते १५ किलो गाळ तयार होतो. हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण टाकीतून निघताना हा गाळ शंभरात एक भाग घन आणि नव्याण्णव भाग पाणी अशा स्वरूपात असतो, त्यामुळे रोज बाराशे ते पंधराशे लिटर तपकिरी पाणी बाजूला काढावे लागते. ते दाबून घन भाग वीस टक्क्यांवर आणला तर साठ ते पंच्याहत्तर किलो ओला केक उरतो, म्हणजे महिन्याला दोन टनांच्या आसपास. मी हा हिशेब समितीच्या बैठकीत फळ्यावर मांडला तेव्हा आमच्या खजिनदारबाईंनी विचारले, ‘मग इतकी वर्षं हे दोन टन जात कुठे होते?’

उत्तर आमच्याच घराघरांत होते. आमच्या इमारतींत फ्लशसाठी वेगळी पाइपलाइन आहे आणि तिच्यातून प्रक्रिया केलेले पाणी येते. फ्लशच्या टाक्यांच्या तळाशी बसणारा तपकिरी थर, कमोडवर पडणारे डाग, दोन दिवस घर बंद ठेवून परतल्यावर येणारा दर्प आणि सारखा तुंबणारा वाळूचा फिल्टर या तक्रारी वर्षानुवर्षे निरनिराळ्या मथळ्यांखाली नोंदल्या जात होत्या. त्यांचे कारण एकच होते. टाकीत गाळ इतका दाटला होता, की तो तळाशी बसेनासा झाला होता आणि निवळ पाण्याबरोबर वर येऊन पुन्हा आमच्याच घरांत जात होता.

हे सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही, लिटरभर मापाचे एक काचेचे उभे नळकांडे पुरते. एअरेशन टाकीतले, म्हणजे हवा सोडण्याच्या टाकीतले, घुसळलेले पाणी त्यात काठोकाठ भरून सपाट जागी ठेवायचे आणि अर्धा तास हात लावायचा नाही. निरोगी प्लँटमध्ये पहिल्या पाच-दहा मिनिटांतच तपकिरी कण एकमेकांना धरून खाली सरकू लागतात, वरचे पाणी झपाट्याने निवळत जाते आणि अर्ध्या तासाने गाळाची पातळी २५० ते ३५० मिलिलिटरच्या खुणांदरम्यान येऊन थांबते. आमच्या नळकांड्यात अर्ध्या तासानंतरही पातळी ७०० च्या खाली उतरली नाही आणि वरच्या पाण्यातही पिठासारखे बारीक कण तरंगत राहिले. आमचा ऑपरेटर, ज्याला सोसायटीतले लहानथोर मामा म्हणतात, हे बघून म्हणाला, ‘सर, मला हे माहीत होतं, पण गाळ काढला तर टाकायचा कुठं, हे कुणी सांगतच नव्हतं.’ माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे निदान त्या एका वाक्यात होते. यंत्रणा बिघडलेली नव्हती. गाळाला जागा नव्हती, म्हणून तो काढला जात नव्हता.

त्यामुळे आधी जागा ठरवायची आणि मग गाळ काढायचा, असा क्रम मी धरला. कंत्राटदाराचा पहिला प्रस्ताव टँकरचा होता. टँकर येईल, गाळ खेचून नेईल आणि सोसायटीने खेपेला पैसे द्यायचे. तो कुठे रिकामा होणार, या प्रश्नावर ‘ते आमच्यावर सोडा’ असे उत्तर मिळाल्याने मी तो विषय तिथेच मिटवला, कारण आमच्यापासून पवना नदी फार लांब नाही आणि ओढे तर त्याहून जवळ आहेत. पोहोचीच्या जागेची पावती नसेल तर टँकर हा विल्हेवाटीचा मार्ग नसून फक्त घाणीची जागा बदलण्याचा मार्ग असतो. ही पोहोच निश्चित असेल तर टँकरची पद्धतही उत्तम चालते. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी घरोघरच्या सेप्टिक टँक लोकांच्या तक्रारीची वाट न पाहता तीन वर्षांतून एकदा वेळापत्रकाने उपसायची आणि तो मैला गावाच्या स्वतःच्या प्रक्रिया केंद्रावरच न्यायचा, अशी व्यवस्था उभी केली. तिथे टँकरच्या खेपेचा शेवट कुठे होतो हे सगळ्यांना ठाऊक असते.

घंटागाडीचा पर्याय समितीतल्या एका काकांनी सुचवला होता. पण ओला केक घरगुती कचऱ्यात मिसळला की त्याची घाण पुढे कचरा हातांनी वेगळा करणाऱ्या माणसांच्या वाट्याला येते, म्हणून तो सोडला. तिसरा पर्याय सर्वांत लाडका होता : गाळ सरळ बागेत पसरावा. समितीतले जुने सभासद, ज्यांचे बालपण सातारा जिल्ह्यात गेले, त्यांनी नगरपालिकेच्या खतडेपोतून बैलगाडीने आणलेल्या सोनखताच्या, म्हणजे मैल्याच्या खताच्या, आणि त्यावर पोसलेल्या उसाच्या आठवणी सांगितल्या. मुद्दा चुकीचा नव्हता, कारण या गाळात नत्र आणि स्फुरद भरपूर असते. पण त्याच गाळात माणसाच्या पोटातून आलेले रोगजंतू आणि जंतांची अंडीही असतात. गोल जंताच्या अंड्याचे कवच इतके चिवट असते, की सावलीतल्या ओलसर मातीत ते महिनोन्महिने, प्रसंगी काही वर्षे तग धरते. आमच्या बागेत मुले अनवाणी खेळतात, तेव्हा ताजा गाळ तिथे टाकण्याला मी शेवटपर्यंत नकार दिला.

चुना कालवून गाळ निर्जंतुक करण्याची पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप, १२ पर्यंत चढवून दोन तास तिथे टिकवायचा आणि पुढचे बावीस तास साडेअकराच्या खाली उतरू द्यायचा नाही, म्हणजे बहुतेक जंतू मरतात. मात्र त्यातून अमोनियाचा असा भपका सुटतो, की तळमजल्यावरच्या रहिवाशांनी पहिल्याच दिवशी फोन केले असते. शिवाय पुणे परिसरातील बऱ्याच जमिनी मुळातच विम्ल (अल्कधर्मी) आणि चुनखडीयुक्त आहेत. त्यांत आणखी चुना ओतणे म्हणजे झाडांची पाने पिवळी पाडण्याची सोय करणे आहे. कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीसाठी मी कदाचित वेगळा विचार केला असता.

शेवटी दाबून केक काढायचा आणि तो बागेच्याच सुक्या पालापाचोळ्याबरोबर कुजवून खत करायचे, असे ठरले. दाबण्यासाठी लागणारी फिल्टर प्रेस बिल्डरने दिलेलीच होती, पण तिच्यावर रंगाचे जुने डबे रचून ठेवलेले होते. प्लेटा घासून काढल्या, घट्ट होऊन बसलेली गाळणकापडे बदलली, स्क्रू ग्रीसमध्ये बुडवून सैल केला आणि पंपाचे सील नवीन बसवले. त्या आधी गाळ साठवण्याची टाकी मोकळी करायची होती आणि इथे एक प्रसंग घडला. तळाशी दगडासारखा घट्ट झालेला थर काढायला कंत्राटदाराचा माणूस दोरी धरून आत उतरायला निघाला होता, त्याला मी अडवले. अशा बंद टाकीत कुजलेला थर ढवळला गेला की हायड्रोजन सल्फाइड एकदम बाहेर पडतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते आणि माणूस इशारा न मिळता कोसळतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्यास बंदी आहे, आणि अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलेली दहा लाख रुपयांची भरपाई २०२३ मध्ये तीस लाख केली. ‘पाच मिनिटांचं काम आहे, सर,’ असे मला सांगण्यात आले. ते काम आम्ही वरूनच, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने थर फोडून आणि गाळाच्या पंपाने खेचून केले. वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागले, आणि सर्वसाधारण सभेत त्या बिलावर प्रश्न विचारला गेला तेव्हा मी न्यायालयाचे हेच दोन आकडे वाचून दाखवले.

प्रेस चालवण्यातली खरी कला पॉलीमध्ये, म्हणजे पॉलीइलेक्ट्रोलाइटमध्ये आहे. गाळाच्या कणांवर ऋण भार असल्याने ते एकमेकांपासून दूर राहतात आणि पाणी धरून ठेवतात. धन भाराचे पॉली मिसळले की ते एकत्र येतात. पॉलीची पूड पाण्यात एकदम ओतली तर तिचे माशाच्या डोळ्यांसारखे बुळबुळीत गोळे होतात आणि ते कापडाची छिद्रे बुजवतात, म्हणून ढवळत्या पाण्यात चिमटीचिमटीने भुरभुरवून तासभर फुगू द्यावी लागते. मामाने बादलीत लहान प्रमाणावर करून पाहण्याची सवय लावून घेतली. बादलीतल्या गाळाचे ठळक पुंजके होऊन मधून स्वच्छ पाणी दिसू लागले की तेवढीच मात्रा टाकीला, आणि पुंजके चिकट, तारा सुटणारे झाले की मात्रा जास्त झाली असे समजायचे. सगळे जमले, की प्लेटा उघडल्यावर केक कापडापासून आपोआप सुटून खाली पडतो. न जमले तर तो खरवडून काढता काढता माणूस मेटाकुटीला येतो. प्रेसमधून गळणारे पाणी नाल्यात न सोडता पुन्हा प्लँटच्या सुरुवातीच्या टाकीत जाईल, अशी नळी आम्ही नव्याने जोडून घेतली.

साचलेला गाळ मात्र एका दमात काढला नाही. तो एकदम काढला तर घाण खाणारे जिवाणूच टाकीत उरत नाहीत आणि पांढरा फेस उसळू लागतो. रोज ठरावीक गाळ काढायचा आणि रोज नळकांड्यातली पातळी लिहायची, असे करत करत ती हळूहळू ३०० च्या आसपास उतरली, आणि त्याच सुमारास फ्लशच्या पाण्याच्या तक्रारी थांबल्या. समितीतल्या ज्या मंडळींना या ‘गाळाच्या नादाविषयी’ शंका होती, त्यांचा विरोध माझ्या फळ्यावरच्या गणिताने नव्हे, तर या स्वच्छ कमोडांनी मावळला.

खताचा भाग त्या मानाने संथ होता. एसटीपीच्या मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याचे छप्पर, सिमेंटची उतरती जमीन आणि फटी ठेवून रचलेल्या विटांचे कप्पे बांधले. झिरपणारे पाणी उतारावरून परत प्लँटमध्येच जाते. गाळात नत्राच्या मानाने कर्ब फार कमी, साधारण एकास सहा ते दहा, असतो; खत नीट होण्यासाठी हे प्रमाण एकास पंचवीस-तीसपर्यंत न्यावे लागते आणि ती उणीव सुका पाला भरून काढतो. एक घमेले केकला तीन घमेली तुकडे केलेला पाला, असे माप आम्ही धरले आहे. जानेवारीपासून मार्चपर्यंत पर्जन्यवृक्ष आणि बदाम इतका पाला ढाळतात, की माळ्याला तो जाळण्याचा मोह होई. आता तोच पाला गोण्यांत भरून ठेवला जातो आणि पावसाळ्याच्या शेवटी त्या गोण्यांवरून माळी आणि मामा यांच्यात चक्क वाद होतो. पाला कमी पडला तेव्हा फर्निचरच्या दुकानातला भुसा आणावा, असे एकाने सुचवले, पण प्लायवूडमधला गोंद खतात नको म्हणून नारळाच्या शेंड्यांचा चुरा वापरला.

ढीग किमान छातीइतका उंच नसेल तर तो स्वतःची उष्णता धरून ठेवत नाही. लांब दांड्याचा तापमापक पोटात खुपसून आम्ही रोज आकडा लिहितो. सांडपाण्याच्या गाळाविषयीच्या अमेरिकेच्या १९९३ च्या नियमांत उघड्या ढिगांसाठी ५५ अंश किंवा त्याहून अधिक तापमान पंधरा दिवस टिकवावे आणि त्या काळात ढीग पाच वेळा उलथावा, अशी अट आहे. आमच्यासारख्या लहान जागेलाही ती सोयीची वाटली म्हणून तीच पाळतो. उलथताना ढिगातून वाफ उठते आणि आतले पालाकेकाचे मिश्रण हाताला चटका बसेल इतके गरम असते. वरचा थंड थर आत आणि आतला गरम भाग वर, अशी अदलाबदल झाली तरच सगळ्या गाळाला ती धग मिळते. अमोनियाचा वास आला तर पाला कमी पडला, सडका वास आला तर ओल जास्त झाली किंवा हवा पोहोचली नाही, हे आता मामाला तापमापकाच्याही आधी कळते. ताज्या ढिगावर जुन्या तयार खताचा वीतभर थर दिला की वास बाहेर येत नाही, ही युक्तीही त्याचीच. पंधरा दिवसांच्या धगीनंतर ढीग दोनेक महिने मुरू द्यायचा आणि मग चार मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचा.

पहिले खत हातात आल्यावर सगळ्यांना ते वाटून टाकण्याची घाई झाली होती. काळे, भुसभुशीत, पहिल्या पावसातल्या मातीचा वास असलेले ते खत पाहून तसे वाटणे साहजिकही होते. पण जड धातू ना दिसतात, ना त्यांना वास येतो, आणि उष्णतेने जंतू मरतात तसे ते नाहीसेही होत नाहीत. उलट गाळाचे वस्तुमान घटत जाते तसे त्यांचे प्रमाण वाढते. म्हणून नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला आणि शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात असलेल्या मर्यादांशी ताडून पाहिला. त्या मर्यादा किलोमागे मिलिग्रॅममध्ये कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, शिसे १००, तांबे ३०० आणि जस्त १००० अशा आहेत. आमचे सगळे आकडे आत बसले. जस्त तेवढे मर्यादेच्या त्यातल्या त्यात जवळ होते, जे घरगुती सांडपाण्यात जस्ताच्या मुलाम्याच्या पाइपांमुळे आणि सौंदर्यप्रसाधनांमुळे सहसा दिसते. कोलिफॉर्म (मैल्याचा अंश दाखवणारे जिवाणू) आणि जंतांच्या अंड्यांची तपासणीही करून घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममध्ये एकापेक्षा कमी अंडे असावे लागते, आणि तेवढा निकाल आल्याशिवाय मी एक गोणही कप्प्याबाहेर जाऊ दिली नाही.

एवढे करूनही हे खत आम्ही कुंपणाच्या मेंदीला, शोभेच्या झाडांना आणि रस्त्याकडेच्या मोठ्या वृक्षांनाच घालतो. गच्चीवरच्या कोथिंबीर-मेथीला नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराने १९२६ पासून सांडपाण्याच्या गाळाचे खत पोत्यांत भरून विकले आहे; दुसरीकडे स्वित्झर्लंडने शेतीत गाळ वापरणे पूर्ण थांबवले आणि अमेरिकेतल्याच मेन या राज्याने गाळातल्या न विघटणाऱ्या पीफास रसायनांमुळे २०२२ मध्ये त्यावर बंदी घातली. सबंध शहराच्या गटारात कारखाने, गॅरेज, दवाखाने सगळेच जोडलेले असते, त्यामुळे तिथल्या गाळात काय आहे हे सांगणे अवघड असते. आमच्या गटारात काय जाते ते आम्ही निदान सांगू तरी शकतो, आणि म्हणून रंगाचे उरलेले डबे, थिनर आणि जुनी औषधे बेसिनमध्ये ओतू नयेत ही सूचना दर तीन महिन्यांनी लिफ्टमध्ये लागते. ओल्या वाइप्सविषयीची सूचनाही लागते, पण तिचा परिणाम मला अजून प्लँटच्या तोंडाशी कचरा अडवणाऱ्या जाळीवर, म्हणजे बार स्क्रीनवर, दिसलेला नाही.

शेजारच्या सोसायटीने मध्यंतरी त्यांचा केकही आमच्या कप्प्यांत घ्यावा, अशी विनंती केली. आमच्याकडे पाला जेमतेम आमच्यापुरता आहे आणि त्यांच्या तळमजल्यावर लाँड्री व दोन सलून आहेत. आधी त्यांच्या गाळाची धातूंची तपासणी करून अहवाल द्यावा, असे आम्ही त्यांना लेखी कळवले आहे, आणि तोपर्यंत त्यांच्या फिल्टर प्रेसची कापडे बदलून देण्यासाठी मामा रविवारी तिकडे जातो.